मध्यंतरातच उठलो, त्याबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे आईच्या फोनवरून कळलं. मला वेगळा मेसेज नव्हता. असू दे. आई म्हणते, "चार दिवस तिला जरा एकटी सोडा. काही लिहू नका, काही विचारू नका." मी मान डोलावली. पण नाटकाबद्दल लिहू नका असं काही ती म्हणाली नाही, आणि मला नाटकाबद्दलच लिहायचं आहे. निनादचा विषय या पत्रात काढणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पत्र उघडताना तुला धास्ती नको.

शनिवारी मध्यंतर झाल्यावर मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." तू काही न बोलता पर्स उचललीस. गाडीत बसल्यावर मात्र विचारलंस, "बाबा, तुम्हाला राग नाटकाचा आला की माझा?" मी घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. सकाळी तू पहिल्याच गाडीनं निघून गेलीस. तोंडानं उत्तर द्यायला गेलो असतो तर भलतंच काहीतरी बोलून बसलो असतो, म्हणून लिहून देतो.

राग नाटकाचा आला. अगदी मनापासून आला. मंडळींचा दोष नव्हता. मुलं मेहनतीनं उभी राहिली होती, ऑर्गनची साथ उत्तम होती, आणि रेवती झालेल्या मुलीचा आवाज तर मला फारच आवडला, वरच्या सुरातही कुठे धार लागत नव्हती. 'संशयकल्लोळ' बघताना आपण मध्येच उठून जाऊ असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. ज्या नाटकाची वही अजून माझ्या कपाटात, पासबुकांच्या शेजारी आहे, ते नाटक.

मी कामं केली असं तुला लहानपणी वाटायचं, आणि तू शाळेत तसं सांगूनही आली होतीस. कामं मी कधीच केली नाहीत. मी प्रॉम्प्टर होतो. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात आमच्या मंडळाचे प्रयोग व्हायचे तेव्हा माझी जागा उजव्या विंगेत. एक स्टूल, मांडीवर वही, वहीवर छोटा दिवा आणि त्या दिव्याला तीन बाजूंनी पुठ्ठा, म्हणजे उजेड स्टेजवर सांडू नये. शब्द पुरवण्याचं काम लोकांना सोपं वाटतं. नटाला पूर्ण वाक्य कधी द्यायचं नसतं. पहिली दोन अक्षरं द्यायची, तीही नुसत्या श्वासात, ओठ त्याच्या बाजूला करून. ती पोचली की वाक्य त्याचं तो उचलतो. आणि सगळ्यात अवघड काय, तर नट मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे हे ओळखणं. थांबलेल्याला शब्द दिला की त्याची जागा मारली जाते. विसरलेल्याला दिला नाही तर तो चारशे माणसांसमोर उघडा पडतो. मी तालमीत अशा प्रत्येक जागी पेन्सिलीनं एक उभी रेघ मारून ठेवायचो. रेघ दिसली की गप्प बसायचं.

तू गेल्यावर वही काढली. रेघा पुसट झाल्यात, पण दिसतात.

माझा जीव कशावर जडला होता ते आधी सांगतो, मग राग सांगतो. नाटककार देवल आपल्या हरिपूरचे, १८५५ सालचा जन्म. तालीम मास्तर म्हणून त्यांचा लौकिक एवढा की मोठमोठे नट त्यांच्या हाताखाली घडले. १८९३ साली त्यांनी हे नाटक गद्यात लिहिलं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं. पुढे त्यात पदं घातली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल गेले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. माझ्या आजोबांनी बोडसांचा फाल्गुनराव पाहिला होता आणि त्यानंतर कुणाचाही पाहिला की ते म्हणायचे, "बरा आहे." एवढंच. पात्रांची नावं बघ, पुरुष महिन्यांची आणि बायका नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेट, कृत्तिका, रेवती, आणि भाद्रपदाचा भादव्या. तू सहा-सात वर्षांची असताना तुला बारा महिने या नाटकावरूनच पाठ करून घेतले होते, आठवतं का? भाद्रपद म्हणायच्या जागी तू वर्गात भादव्या म्हणालीस.

गोष्ट मूळची देवलांची नाही, हे त्यांनाही लपवायचं नव्हतं. फ्रान्सच्या मोलियरनं १६६० साली एक छोटं, एका अंकाचं पद्य प्रहसन लिहिलं आणि त्यातल्या संशयी नवऱ्याचं काम स्वतः केलं. शंभर वर्षांनी, १७६१ साली आर्थर मर्फी यानं त्यावरून इंग्रजीत पाच अंकांचं नाटक केलं. तिथून ते देवलांच्या हाती आलं. म्हणजे एक तसबीर रस्त्यात पडते, ती भलत्याच्या हाती लागते आणि चार माणसांची आयुष्यं ढवळून निघतात, याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. पॅरिसमध्ये लोक हसले, लंडनमध्ये हसले, आपल्याकडे हसले. शनिवारीही हसत होते. माझ्या शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

मला हसू येईना.

बघ ना, होतं काय. रेवतीला उन्हानं घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. एखादा भला माणूस करील तेच तो करतो. ते कृत्तिकेच्या नजरेस पडतं, आणि तिला दिसतं काय, तर आपला नवरा एका तरुण मुलीला धरून उभा आहे. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती निरखून बघत असताना नवरा येतो, आणि त्याला दिसतं काय, तर आपली बायको परक्या पुरुषाच्या तसबिरीत गुंग आहे. दोघांनी जे पाहिलं ते खोटं नाही. डोळ्यांनी त्यांना फसवलेलं नाही. धरलं होतं हे खरं, तसबीर हातात होती हेही खरं. पुढची गोष्ट मात्र त्यांनी मनात रचली आणि तीही त्या दृश्याइतकीच पक्की मानून चालले. पुढे ती तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि जिच्या हातून पडली ती रेवती आणि ज्याची आहे तो अश्विनशेट, दोघंही त्याच फेऱ्यात सापडतात.

विंगेत बसून मला हे कधी जाणवलं नव्हतं, खुर्चीत बसल्यावर जाणवलं. या नाटकात आरोप सगळे करतात आणि प्रश्न कुणीच विचारत नाही. विचारल्यासारखं करतात. फाल्गुनराव दिवसभर विचारत फिरतो, पण तो पकडण्यासाठी विचारतो. निकाल खिशात ठेवून आलेला असतो. समोरच्यानं खरं सांगितलं तरी ते ऐकून घ्यायला त्याचे कान मोकळे नसतात. मोलियरच्या मूळ प्रहसनात शेवटी गाठ सोडवते ती घरातली दासी. सगळे एकमेकांवर ओरडत असतात तेव्हा ती एकेकाला पुढे घेते आणि साधं विचारते, तुमचं म्हणणं काय? आणि तुमचं? बरं, मग ती तसबीर तुमच्याकडे आली कुठून? तीन-चार प्रश्नांत सगळं नाटक संपतं. हुशार ती एकटीच होती असं नाही. तिला फक्त कुणाला पकडायचं नव्हतं.

फाल्गुनरावाचा मला आजही राग येत नाही. संशय हा त्याचा स्वभाव आहे, तसबीर नसती तर रुमालावरून त्यानं हेच केलं असतं. कृत्तिकाही त्याच्याच तोलाची. त्या दोघांना एकमेकांवर संशय घेतल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही आणि त्यात त्यांचं एक प्रकारचं प्रेमही आहे. देवलांनी ते फार सुंदर दाखवलं आहे. माझा संयम सुटला तो दुसऱ्या जोडीपायी. रेवती आणि अश्विनशेट. ही दोघं शहाणी आहेत. रेवती नायकिणीच्या घरची मुलगी. अश्विनशेटचा हात धरून तिला सरळ संसार करायचा आहे आणि तो तिच्याशी लग्न करायला तयार आहे, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. एवढ्या मोठ्या भिंती ज्यांनी ओलांडल्या ती दोघं एका तसबिरीला अडखळून पडतात. मी खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, अगं विचार. अरे सांग. दोन अक्षरं. मी इथून देतो, तू पुढचं उचल. आणि मग मी तुझ्याकडे पाहिलं. तू स्टेजकडे बघत होतीस, पण तुझं लक्ष तिथं नव्हतं. तेव्हा मला बसवेना.

तर हे उत्तर. राग नाटकाचा होता. तुझा नव्हता. तुझी भीती वाटली.

आता निनादचं नाव काढायचं नाही असं मी म्हटलं होतं. पण त्याच्याभोवती किती फिरू? तू मला एवढंच सांगितलंस की स्टेशनसमोर तू त्याला एका मुलीबरोबर पाहिलंस, तिचा हात त्याच्या हातात होता, आणि रात्री फोनवर तो म्हणाला, "दिवसभर ऑफिसातच होतो." तेव्हापासून तू त्याचा फोन घेत नाहीस. कारण विचारलं तर "काम आहे" म्हणतेस. लग्नाला दोन महिने राहिलेत आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, हे घरात तिघांना माहीत आहे आणि तिघंही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतो.

तू पाहिलंस ते चूक आहे असं मी म्हणत नाही. तुझी नजर लहानपणापासून तीक्ष्ण. आणि तो ऑफिसात नव्हता हे तुला माहीत असताना त्यानं तसं सांगितलं, ही गोष्ट साधी नाही. मी त्याची वकिली करणार नाही. कदाचित तुझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघेल. मग हे लग्न आपण मोडू, मी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगेन, आणि त्यातला एकही शब्द तुला बोलावा लागणार नाही. पण आज आपल्याकडे फक्त एक दृश्य आहे आणि एक वाक्य आहे. मधली जागा तू भरली आहेस. ती त्याला भरू दे. खोटं बोलून भरतो की खरं बोलून, तेही मग तुझ्या समोर येईल.

तू विचारशील, बाबांना काय कळतंय यातलं? खरं आहे. आमच्या वेळी लग्नाआधी आम्ही दोनदा भेटलो, तेही चार माणसांत. पण तुझं काम मला थोडं कळतं. तू पुलाच्या साइटवर गेल्यापासून मी काँक्रीटबद्दल जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठीही कधी वाचलं नव्हतं. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, भरून ठेवायचे, पाण्यात ठेवायचे, सातव्या दिवशी फोडून बघायचे, आणि खरा भरवसा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या रिपोर्टवर. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं तुझ्यावर किती दडपण आणलं होतं, "मॅडम, डोळ्यांना दिसतंय की मजबूत आहे", आणि तू म्हणालीस, डोळ्यांना दिसतं त्यावर मी सही करत नाही. हे तू मला फोनवर सहज सांगितलंस. तू फोन ठेवल्यावर मी ते आईला सांगितलं, दादाला सांगितलं, मंडळात तर किती जणांना सांगितलं. माझी मुलगी अशी आहे म्हणून सांगितलं. ती मुलगी स्वतःच्या बाबतीत रिपोर्ट न मागता सही करायला निघाली आहे, हे मला बघवत नाही.

भाषण झालं. माफ कर. आई म्हणते तसं, मी बोलायला लागलो की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही.

दुसरं काहीतरी लिहितो. काल संध्याकाळी हरिपूरपर्यंत चालत गेलो. संगमेश्वराचं दर्शन घेतलं. कृष्णेला अजून बरं पाणी आहे, वारणेचं पाणी येऊन मिळतं तिथं दोन रंग वेगळे दिसत होते. तिथल्या पारावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिलं असं म्हणतात. लहानपणी सुमाआत्या आम्हाला तिथं घेऊन जायची आणि येताना पायात काटा मोडला की पाठीवर घ्यायची. ती तेव्हा माहेरीच राहायला आली होती.

सुमाआत्याबद्दल तुला कुणी फारसं सांगितलं नसेल. घरात तो विषय निघत नाही. ती आली तेव्हा मी शाळेत होतो. एक ट्रंक आणि शिवणाचं मशीन, एवढं सामान. का आली हे तिनं आजीलाही सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं ते एवढंच, की भाऊसाहेबांच्या काळ्या कोटाच्या खिशात तिला एका साडीची पावती सापडली होती आणि ती साडी घरात आली नव्हती. भाऊसाहेब महिन्यातून एकदा यायचे. फाटकाशी उभे राहायचे. आजोबा बाहेर जाऊन त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलायचे, चहा विचारायचे. ते नको म्हणायचे. आत मशीनचा आवाज चालू असायचा. ते आले की मशीन जोरात चालायचं, गेले की थांबायचं. मला तेव्हा वाटायचं, कुणीतरी मोठ्या माणसानं त्यांना आत बोलवावं आणि आत्याला बाहेर. पण घरातली सगळी मोठी माणसं शहाणी होती, प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडा.

ती साडी कुणासाठी होती हे आजतागायत कुणालाच माहीत नाही. खरंच दुसऱ्या कुणासाठी असेल. तसं असेल तर आत्या बरोबर होती. पण बरोबर असल्याचं समाधानही तिला कधी मिळालं नाही, कारण तिला ते कळलंच नाही. भाऊसाहेब गेले तेव्हा ती गेली नाही. मी तेराव्याला जाऊन आलो. तिनं मला जेवायला वाढलं, समोर बसली, कोण कोण आलं होतं हेही विचारलं नाही. पान आटोपल्यावर म्हणाली, "त्यांचा तो काळा कोट कुणाला दिला रे?"

हे तुला लिहायचं नव्हतं. आई वाचेल तर रागावेल. पण मुक्ता, तू गप्प झालीस की तुझे ओठ तिच्यासारखे मिटतात. अगदी तसेच. तुझ्या बारशाच्या दिवशी आत्यानंच तुला मांडीवर घेऊन म्हटलं होतं, ही माझ्यावर जाणार. सगळे हसले होते आणि मीही हसलो होतो. शनिवारी अंधारात तुझ्याकडे बघताना मला ते आठवलं.

तू आत्या नाहीस. तुझ्याकडे नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, तुझ्यामागे आम्ही आहोत. तुझं निनादवाचून काही अडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. त्याची चिंता मला नाहीच. तुझ्या मनात एक न विचारलेला प्रश्न राहील आणि तू तो पुढच्या प्रत्येक माणसाकडे घेऊन जाशील, ही चिंता आहे. पुढे कुणी भलं माणूस भेटलं तरी तू त्याच्या कोटाचे खिसे बघत राहशील. संशय असाच वाढतो, फाल्गुनरावही काही जन्मतः तसा नसेल.

विचारण्याची लाज वाटत असेल तर तेही मी समजू शकतो. विचारलं की आपल्याला किती लागलं आहे ते समोरच्याला दिसतं. आरोप केला की आपण वर उभे असतो आणि तो खाली. विचारताना तसं उभं राहता येत नाही. तुझ्यासारख्या मानी मुलीला ते जड जाणार. पण तू जड कामं केली आहेस. पहिल्या वर्षी साइटवर कुणी तुझं ऐकत नव्हतं तेव्हा तू रोज सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायचीस. तेव्हा तू मला रडत फोन करायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "पण उद्या जाणार आहे." मी तेवढ्यासाठी फोनची वाट बघायचो.

आणि हे फोनवर करू नकोस. मेसेजवर तर नकोच. समोर बसून विचार. कुठलाही पुरावा पुढे टाकू नकोस, आणि तू पाहिलंस हे आधी लपवून ठेवायची हुशारीही करू नकोस, ती फाल्गुनरावाची पद्धत. सरळ सांग, मी तुला पाहिलं, तू ऑफिसात होतो म्हणालास, मला समजून सांग. आणि मग थांब. तो कितीही वेळ गप्प राहिला तरी तू शब्द पुरवू नकोस. त्याच्या तोंडून काय येतं ते येऊ दे.

बघ, मी पुन्हा सुरू झालो. तुला कसं विचारायचं हेसुद्धा मीच सांगायला लागलो. तुझे शब्द तुझ्याकडे आहेत. राग मानू नकोस.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. निनादचा मला फोन आला होता, रविवारी दुपारी. तू निघून गेल्यावर. त्यानं एवढंच विचारलं की मुक्ताची तब्येत बरी आहे का. मी म्हटलं, बरी आहे, कामात आहे. तो "बरं" म्हणाला आणि बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही. त्याच्या आवाजावरून मी काही अर्थ काढणार नाही. काढायचा मोह झाला, पण काढला नाही. त्याला मी काहीच सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. तो प्रश्न माझा नाही.

तू थांबली आहेस की अडकली आहेस, हे मला या वेळी ओळखता येत नाही. थांबली असशील, स्वतःचा वेळ घेत असशील, तर मी हे पत्र लिहून तुझी जागा मारली. तसं असेल तर फाडून टाक आणि मला काही कळवूही नकोस. अडकली असशील तर रात्री कितीही वाजता फोन कर. आई झोपते, मी जागाच असतो.

दादाची बदली पुढे ढकलली, तो तुझ्याशी बोलेलच. पमीच्या मुलाला बरं आहे, ताप उतरला. तुझा निळा स्वेटर इथंच राहिला, कुणी त्या बाजूला येणार असेल तर पाठवतो. पहाटे साइटवर जाताना कान झाकत जा, सर्दी अंगावर काढू नकोस. आणि वेळेवर जेव, एवढं तरी ऐक.

हॉलवाल्यांचा माणूस येऊन गेला. उरलेले पैसे पंधरा तारखेपर्यंत भरायचे आहेत. आगाऊ दिलेले परत मिळणार नाहीत, पण त्याचा विचार तू अजिबात करू नकोस, ते गेले तर गेले. मी त्याला कळवतो एवढंच म्हटलं आहे. आईनं पत्रिकेचा मजकूर छापायला दिलेला नाही, कारण विचारलं तर म्हणते, कागद पसंत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. मी आपण होऊन निनादला फोन करणार नाही, हा शब्द. पण त्याचा पुन्हा आला तर काय सांगू, तेवढं मात्र कळव.